ॲम्पमधली घूं आणि अर्थिंगचा खड्डा

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, वेंगुर्ल्यातल्या आमच्या जुन्या चिरेबंदी घरात, रात्रीची जेवणे आटोपल्यावर मी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली आणि तिचा आवाज मोठा करणारा ॲम्प सुरू केला, तेव्हा एकही तार छेडण्यापूर्वी खोलीत 'घूं' असा जाड, सलग स्वर भरून राहिला. तो नवा नव्हता. बराच काळ तो माझ्या सोबतीला होताच. पण त्या रात्री वारा पडलेला होता, समुद्राची गाज एरवीपेक्षा मंद होती आणि त्या शांततेत माझा ॲम्प समुद्रापेक्षा मोठ्याने बोलत होता. बाबांनी बाहेरच्या पडवीतून विचारले, "पंप चालू राहिला का गो?"

त्या रात्री मी पहिल्यांदाच त्या आवाजाशी भांडण्याऐवजी तो नीट ऐकला. गिटारच्या सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला बोट ठेवून ती छेडली, तर तिचा स्वर आणि ॲम्पची घूं जवळजवळ एक झाले; जवळजवळ म्हणजे पूर्ण नव्हे. दोन्ही एकत्र वाजत असताना आवाज सेकंदाला साधारण दोनदा फुगत होता आणि ओसरत होता. बोटाने तार किंचित वर ओढली की त्या लाटा मंदावत आणि एका विशिष्ट ताणाला अगदी थांबत. त्या पडद्याचा स्वर ९८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ९८ कंपनांचा असतो. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर खर्जातली पांढरी पाच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, आणि ॲम्पमध्ये तिचे एकदिश प्रवाहात रूपांतर होताना मागे उरणारी थरथर १०० हर्ट्झची असते. शंभरातून अठ्ठ्याण्णव गेले की दोन उरतात, तेच ते दोन हेलकावे. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथली घूं वेगळ्या स्वरात लागते, म्हणून परदेशी वादकांनी सांगितलेली स्वराची खूण आपल्या घरात जुळत नाही. या छोट्याशा प्रयोगाने आवाज कमी झाला नाही, पण तो कुठून आला हे कळले. तो गिटारमध्ये जन्मलेला नव्हता, विजेच्या तारांतून आलेला होता.

हे कळण्याआधी मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगणे भाग आहे. मी साडेचार हजार रुपये खर्च करून एक नॉइज गेट मागवले होते. हे एक लहानसे पेडल, म्हणजे गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये जोडायचे, पायाने दाबायचे यंत्र असते. आपण ठरवून दिलेल्या पातळीच्या खाली आवाज गेला की ते वाट बंद करते आणि वर गेला की उघडते. म्हणजे आपण वाजवत नसताना शांतता मिळते. वाजवू लागलो की दार उघडते आणि स्वराबरोबर घूंही आत येते. त्यातही घूं जितकी मोठी तितकी गेटची पातळी वर ठेवावी लागते, आणि मग लांबवलेला स्वर विरत असताना मध्येच कापला जातो. तार ओढून घेतलेली मींड शेवटच्या क्षणी कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तशी बंद पडते. ते यंत्र वाईट नाही. घरात पाणी गळत असताना मी फक्त खाली पातेले ठेवले होते, इतकेच.

आवाज शोधण्याची पद्धत तशी साधी आहे, पण ती धीराने करावी लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर कान द्यायचे. मी प्रथम ॲम्पमधून केबल पूर्ण काढली. बहुतेक ॲम्पच्या इनपुट जॅकमध्ये अशी योजना असते की काही जोडलेले नसताना तो आपोआप ग्राउंडला टेकतो, त्यामुळे अशा अवस्थेत ऐकू येणारा आवाज हा ॲम्पचा स्वतःचा किंवा त्याला मिळणाऱ्या विजेचा. मग केबल आणि गिटार जोडून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवायचा; आता जो आवाज वाढला तो केबलचा. मग व्हॉल्यूम उघडायचा. वाढला तो पिकअपचा, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाचा. शेवटी एकेक पेडल मध्ये आणायचे. केबलचे एक टोक ॲम्पमध्ये आणि दुसरे मोकळे हवेत ठेवून मात्र कधीही परीक्षा करू नये. तशी मोकळी केबल अँटेनाच असते आणि ती ओरडणारच. मी त्या नादात एक चांगली केबल रद्दीत काढणार होते.

माझ्याकडे केबल काढल्यावरही घूं निम्म्याच्या आसपास शिल्लक होती. शिवाय आणखी एक लक्षण होते, जे मी महिनोन् महिने हसण्यावारी नेले होते. गिटार वाजवत असताना अनवाणी पाय लादीवर असले की तारांना हात लावताच बोटांत बारीक झिणझिण होई. चपला घातल्या की ती जाई. मला वाटे, तारा गंजल्या असतील.

माझे मामा तीस वर्षे वायरमनचे काम करत आले आहेत. त्यांना फोनवर हे सांगितले तेव्हा ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "गिटार खाली ठेव. मी येय पर्यंत हात लावू नको." दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. त्यांनी मीटरने फेज आणि न्यूट्रल यांच्यात मोजले तर २२६ व्होल्ट भरले, जे ठीकच होते. पण न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात १४ व्होल्ट दाखवले, जिथे एखाद-दुसरा असायला हवा. मग त्यांनी होल्डरमध्ये शंभर वॅटचा जुना बल्ब घेऊन तो फेज आणि अर्थ यांच्यामध्ये लावला. हा बल्ब झगझगीत पेटायला हवा. आमचा बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखा तांबूस दिसला आणि त्याची तार मोजता यावी इतका मंद होता. मामांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, "बघ. ह्या घराक अर्थिंग नाय. नावाक आसा." ही परीक्षा जाणत्या वायरमननेच करावी, मी जवळ उभी राहून फक्त पाहिली.

आमचा अर्थिंगचा खड्डा घराच्या मागच्या बाजूला, न्हाणीच्या पलीकडे आहे. आजोबांच्या काळात कधीतरी जांभ्यात खोदून त्यात पत्रा पुरला होता. जांभा हा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात पाणी पितो आणि नंतर चाळणीसारखे सोडून देतो; एप्रिल-मेपर्यंत खड्डा खडखडीत कोरडा. कोरड्या कातळातून वीज जमिनीत जायला तयार नसते. म्हणजे पावसाळ्यात आमचे अर्थिंग बऱ्यापैकी असे आणि उन्हाळ्यात जवळजवळ नाहीसे होई. आठवून पाहिले तर जुलैत घूं कमी असे. मी त्याचे श्रेय पावसाच्या आवाजाला देत होते.

आता अर्थिंगचा आणि घूंचा संबंध काय, हे मला समजायला थोडा वेळ लागला, म्हणून ते सविस्तर लिहिते. माझ्या टेबलावर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लॅपटॉपचा तीन पिनांचा अडॅप्टर आणि ॲम्प असे दोन्ही लावलेले होते. अडॅप्टरच्या आत, त्याचा स्वतःचा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून, फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे लहान कपॅसिटर जोडलेले असतात, आणि त्यांतून अगदी थोडी वीज अर्थच्या तारेत झिरपते. अर्थ खरोखर जमिनीला पोचत असेल तर ती तिथे निमूट निघून जाते. पोचत नसेल तर ती तार अधांतरी लोंबकळते आणि तिच्यावर कित्येक व्होल्टचा दाब चढतो. ॲम्पची चासी (धातूचा सांगाडा) त्याच तारेला, केबलचे जाळीचे आवरण चासीला, गिटारचा पूल (तारा जिथे टेकतात तो भाग) त्या आवरणाला आणि तारा पुलाला जोडलेल्या असल्यामुळे तो दाब थेट माझ्या बोटांपर्यंत आला होता. प्रवाह फार थोडा, म्हणून झिणझिणीवर निभावले. ज्या आवरणाने बाहेरचा गोंगाट अडवून जमिनीत सोडायचा, ते आवरणच ५० हर्ट्झने डोलत असेल तर ते काय अडवणार? घूं आणि झिणझिण ही एकाच दुखण्याची दोन तोंडे होती.

अशा दुखण्याने माणसे गेलेली आहेत. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सी येथे कार्यक्रमाच्या वेळी अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने मृत्यू पावला. एका हातात गिटारच्या तारा, ज्या अर्थला जोडलेल्या, आणि दुसऱ्या हातात दोषी मायक्रोफोन. मधला रस्ता छातीतून जातो. आपल्याकडे तर पाय अनवाणी, लादी ओली आणि हवेत दमट खारेपणा.

मामांनी दोन माणसे लावून खड्डा पुन्हा उकरला. आतला पत्रा हाताने मोडला इतका कुजलेला होता. नवा पाइप घातला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वरून पाणी घालण्यासाठी नरसाळ्यासारखे तोंड ठेवले आणि त्यावर चिऱ्याची झाकण-फळी बसवली. मीठ-कोळशाची ही रीत जुनी आहे. मीठ ओल धरते आणि वीज वाहायला मदत करते, कोळसा ओल टिकवतो. मीठ लोखंड खाते हेही खरे, म्हणून काही वर्षांनी पुन्हा पाहावे लागते. त्याबरोबरच त्यांनी मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे वीज भलत्या वाटेने गळू लागली तर तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. पण तो बसवण्याआधी बल्ब पुन्हा लावून पाहिला. आता डोळे दिपले. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्ट दोनच्या खाली आले. संध्याकाळी अनवाणी पायांनी तारांना हात लावला; काहीही नाही. घूं अर्ध्याहून कमी झाली होती. जाताना मामा म्हणाले, "आता उन्हाळ्यात पाणी घालूक इसरू नको गो. ह्या तुज्या गिटारीचा झाड समज."

उरलेल्या आवाजाचे दोन भाग निघाले, आणि दोन्ही ऐकायला वेगळे होते. घूंपेक्षा बारीक, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भणभण हा एक भाग. तो केवळ गिटार जोडलेली असताना येई आणि मी कुठल्या दिशेला तोंड करून बसते त्यावर कमी-जास्त होई. समुद्राकडे तोंड केले की जवळजवळ गप्प, दाराकडे वळले की पुन्हा सुरू. माझी गिटार सिंगल कॉइल पिकअपची आहे. अशा पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात, आणि त्या वेटोळ्याला तारेचे कंपन काय नि घरातल्या वायरिंगचे चुंबकीय क्षेत्र काय, दोन्ही सारखीच. यावरचा उपाय गिब्सन कंपनीत काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली पेटंटसाठी मांडला होता. शेजारी शेजारी दोन वेटोळी, एकाची गुंडाळण्याची दिशा आणि चुंबकाची बाजू दोन्ही उलट. तारेचा स्वर दोन्हींत मिळून बेरीज होते, बाहेरून आलेली घूं वजाबाकीत जाते. म्हणून त्याचे नाव हंबकर, म्हणजे 'हम'ला, घूंला, अडवणारा. माझ्या गिटारमधले मधले पिकअप उलट गुंडाळलेले असल्याने पाच जागांच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, हाच लाभ फुकट मिळतो, आणि तिथे भणभण एकदम खाली बसे. यावरून दोष पिकअपने ओढलेल्या क्षेत्राचा आहे हे पक्के झाले. पण ते क्षेत्र सोडत कोण होते?

इथे मला आजोबांचा ट्रान्झिस्टर उपयोगी पडला. तो मध्यम लहरींवर, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत लावून घरभर फिरवला. फ्रीजजवळ थोडी खरखर, ट्यूबलाइटजवळ थोडी, आणि पंख्याच्या रेग्युलेटरजवळ नेला तर तो अक्षरशः किंचाळला. माझ्या खोलीतला रेग्युलेटर हल्ली सर्रास मिळतो तसा, गोल फिरवत कितीही कमी-जास्त करता येणारा, आहे. त्याच्या आत ट्रायॅक नावाचा एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, जो विजेची प्रत्येक अर्धी लाट काही काळ अडवून मग एकदम सोडतो. सेकंदाला शंभर वेळा वीज अशी कुऱ्हाडीने तोडल्यासारखी तुटते, आणि प्रत्येक तुटलेल्या कडेतून वरच्या सुरांचा फवारा उडतो, थेट रेडिओच्या लहरींपर्यंत. पंखा पूर्ण वेगावर ठेवला की लाट जवळजवळ अखंड जाते आणि भणभण कमी होते; मध्यावर ठेवला की लाट नेमकी तिच्या सर्वोच्च बिंदूवर तुटते आणि भणभण सर्वांत तीव्र. मे महिन्यात पंखा बंद करून गिटार वाजवण्याचा प्रयोग मी एकदाच केला. घामाने बोटे तारांवरून घसरत होती, पण त्या दहा मिनिटांत माझ्या गिटारचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

उपाय मात्र स्वस्तात झाला. चार-पाच ठरावीक टप्पे असलेला कपॅसिटरचा रेग्युलेटर दुकानात मिळतो. तो लाट तोडत नाही, फक्त पंख्याला मिळणारा दाब कमी करतो. तो बसवला आणि भणभण गेली. दिवाणखान्यातल्या मंद-प्रखर होणाऱ्या दिव्याचीही तीच जात आहे, म्हणून तो माझ्या सरावाच्या वेळी बंद असतो. घरच्यांना आता त्याची सवय झाली आहे. मोबाइलचेही असेच. आमच्या डोंगराआडच्या भागात टॉवर दूर असल्याने फोन जोर लावून बोलतो, आणि टूजीवर गेला की ॲम्पमधून 'टुक टुक टुर्र' असे येते. तो दुसऱ्या खोलीत ठेवला की संपले. वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर ॲम्प लावण्याचा मोह झाला तर तो आवरावा, कारण त्याची लाट गोल नसून चौकोनी पायऱ्यांची असते आणि ती पायऱ्यांसकट ऐकू येते.

दुसरा भाग लॅपटॉपचा होता. ॲम्पमधून रेकॉर्डिंगसाठी एक तार इंटरफेसमध्ये (आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी) आणि इंटरफेस लॅपटॉपला, असे जोडले की घूं पुन्हा वर येई आणि तिच्यावर माउस हलवताना बारीक किरकिर ऐकू येई. अडॅप्टर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला की दोन्ही नाहीसे. याला ग्राउंड लूप म्हणतात. ॲम्प एका वाटेने अर्थला गेलेला, लॅपटॉप दुसऱ्या वाटेने, आणि सिग्नलच्या केबलचे आवरण त्या दोघांना तिसऱ्या वाटेने जोडते. असे कडे तयार झाले की त्यातून वीज फिरत राहते आणि ती सिग्नलमध्येच मिसळते. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डवर शेजारी शेजारी लावल्याने कडे लहान होते, त्याने थोडा फरक पडतो. बाकीचा फरक मधे घातलेल्या लहानशा ऑडिओ ट्रान्सफॉर्मरने पडला, जो आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे नेतो आणि तारेची प्रत्यक्ष जोड तोडतो.

याच ठिकाणी बरेच जण ती घातक युक्ती करतात. गेल्या गणपतीत एका मंडळाच्या रंगमंचावर, जनरेटरवर चाललेल्या कार्यक्रमात, माझा ॲम्प घुमू लागला तेव्हा साउंडवाल्या मुलाने अगदी सहज पक्कड काढली आणि म्हणाला, "ताई, प्लगची मोठी पिन तोडतो, लगेच जाईल." जाईल हे खरे होते. पिन तुटली की कडे तुटते आणि घूं थांबते. पण त्याबरोबर मला वाचवणारी एकमेव वाटही तुटते. मी नको म्हटले आणि त्याच्याच पेटीत पडलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि साउंडचा मिक्सर यांच्या मध्ये जोडायची डबी, मागून घेतला. त्यावर 'ग्राउंड लिफ्ट' असे लिहिलेले बटण असते. ते सिग्नलच्या केबलच्या आवरणाची जोड सोडते, विजेच्या अर्थला हात लावत नाही. बटण दाबले, घूं गेली, पक्कड परत खिशात गेली. त्या मुलाचा दोष फारसा नाही. त्याला कुणी असेच शिकवले होते, आणि त्याआधी कित्येक रंगमंचांवर पिन तोडून काहीही झाले नव्हते.

पावसाळ्यात आवाजाची जातच बदलते. घूं उरत नाही, खरखर सुरू होते. खारी दमट हवा तांब्या-पितळेला काय करते हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. देवघरातली समई आठ दिवसांत काळवंडते, तर गिटारच्या जॅकने काय करावे? जुलैत एके दिवशी केबल किंचित हलली की कडकड असा आवाज येऊ लागला. जॅकची पट्टी उघडली तर आतल्या स्प्रिंगसारख्या पत्तीवर, जिथे ती प्लगच्या टोकाला टेकते नेमक्या त्याच जागी, मोहरीएवढा हिरवट थर जमला होता. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, कापडाची सुरळी, पत्ती बोटाने हलकेच आत वाकवणे, इतक्यात काम झाले. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना येणारी खरखरही याच वंशातली. त्याच्या भोकात क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. ॲम्पच्या मागच्या बाजूला 'सेंड' आणि 'रिटर्न' असे दोन जॅक असतील तर तेही विसरू नयेत. आपण ते कधी वापरत नाही, पण आवाज आतून त्यांच्याच संपर्कांवरून जातो. ते आतल्या आत गंजले की ॲम्प मधेच दबतो आणि आपण उगाच स्पीकरला दोष देतो. त्या दोन जॅकना एका लहान केबलने जोडून आवाज परत आला तर चोर सापडला. लोक मारतात ते दाराच्या बिजागऱ्यांचे तेल मात्र मारू नये. ते राहते, धूळ धरते आणि पुढच्या वर्षी चिखल होतो.

गिटारच्या आतल्या खोबणीला तांब्याची पट्टी चिकटवण्याचे कामही मी केले. पूर्ण एक रविवार गेला. प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीला विजेने जोडलेली आहे का हे मीटरने पाहावे लागते, कारण सगळ्याच पट्ट्यांचा गोंद वीज वाहून नेत नाही. जिथे शंका तिथे मी सोल्डरिंगचा डाग मारला. याचा उपयोग झाला, पण जेवढा गाजावाजा असतो तेवढा नाही. तांब्याचा पातळ पत्रा विद्युत क्षेत्र अडवतो, त्यामुळे वरच्या सुरांची भणभण कमी होते. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला तो पाहुण्यासारखा आत घेतो. ज्याला ती घूं नको त्याने हंबकर घ्यावे किंवा ट्रान्सफॉर्मरपासून दूर बसावे. स्वतःच्या ॲम्पपासूनही, मी आता दोन हात लांब आणि थोडी तिरपी बसते.

पेडलांबद्दल थोडक्यात. माझी पाच पेडले एकाच अडॅप्टरवर माळेसारखी जोडलेली होती, आणि त्यांतल्या डिजिटल डिलेची (स्वराचा प्रतिध्वनी देणारे पेडल) बारीक शीळ बाकीच्या चौघांत शिरत होती. डिलेला तात्पुरती नऊ व्होल्टची बॅटरी लावून पाहिली, शीळ गेली. मग त्याला वेगळा अडॅप्टर दिला. स्वर मुद्दाम फाटका करणारे डिस्टॉर्शन पेडल तर कुणाच्याही बारीक दोषाचा शंभरपट डांगोरा पिटते, म्हणून त्याच्या आधी येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची स्वच्छता सर्वांत महत्त्वाची.

आणि सगळे झाल्यावर जी उरते ती 'सूं'. ॲम्पचा गेन, म्हणजे आत आलेला आवाज किती वाढवायचा ते, वर नेला की ऐकू येणारी, दूरच्या पावसासारखी. तिचे कारण शोधण्यात मी दोन आठवडे घालवले, आणि उत्तर अमेरिकेत जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट या शास्त्रज्ञांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात सापडले. कोणत्याही रोधकात, त्याला वीज जोडलेली नसतानाही, उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन अस्वस्थ असतात आणि त्यांच्या धडपडीचा आवाज होतो. दहा हजार ओहमच्या रोधकाला आपल्या घरातल्या तापमानाला, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, साधारण १.८ मायक्रोव्होल्ट इतका तो भरतो. ॲम्पच्या पहिल्याच पायरीला हा आवाज आत असतो आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या तो इमानाने मोठा करतात. तो काढता येत नाही. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून ॲम्पचा गेन लागेल तेवढाच ठेवला तर स्वर त्याच्या पुष्कळ वर राहतो, आणि त्यापलीकडे मी प्रयत्न सोडला. ते साडेचार हजारांचे गेट मात्र अखेर इथे कामाला आले. आता त्याची पातळी इतकी खाली आहे की ते फक्त सूं कापते, मींड कापत नाही.

यंदा होळी आटोपली तशी मी दर रविवारी सकाळी विहिरीची एक कळशी नेऊन न्हाणीमागच्या त्या नरसाळ्यात ओतते. पाणी आत जाताना गटगट असा आवाज येतो आणि मग बराच वेळ काही येत नाही. परवा कुंपणापलीकडून शेजारच्या काकी बघत उभ्या होत्या. चार रविवार वाट पाहून त्यांनी शेवटी विचारले, "कसला रोप लावलंस गो थंय? अजून वर कसा येत नाय?"